रेफरल हातात, उपचार कधी?

माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, नियमांत मुदतींना तोटा नाही. पॅनेलबाहेरच्या, म्हणजे योजनेशी करार नसलेल्या, रुग्णालयात तातडीने दाखल व्हावं लागलं, तर ४८ तासांच्या आत कळवायचं. रेफरल ठरावीक काळापुरतंच चालतं. ती मुदत उलटली की पुन्हा पॉलिक्लिनिकची पायरी. रुग्णालयाने बिल कधीपर्यंत ऑनलाइन चढवायचं, त्यावर शंका निघाली तर खुलासा कधीपर्यंत करायचा, हेही ठरलेलं. आश्रित मुलाचं वय आणि आई-वडिलांच्या उत्पन्नाची मर्यादा यांनाही आकडे आहेत. हातात रेफरल पडल्यापासून माजी सैनिकावर किती दिवसांत उपचार सुरू झालाच पाहिजे, या प्रश्नाला मात्र दिवसांत मोजलेलं उत्तर नाही. सरकारी व्यवस्थेबाहेर उपचार घेताना माजी सैनिकांची जी फरफट होते, तिची कारणं म्हणून निधीची टंचाई, रुग्णालयांची मुजोरी, कारकुनी दिरंगाई असं बरंच काही सांगितलं जातं. ते सगळं आपापल्या जागी खरंच आहे. पण माझ्या मते मूळ दोष आराखड्यातच आहे. या योजनेतली घड्याळं पैशावर आणि कागदावर लावलेली आहेत, रुग्णाच्या वाट पाहण्यावर एकही नाही. आणि जे मोजलंच जात नाही, त्याचा जाब कुणाला विचारणार?

योजना आली, तेव्हा तिची गरज वादातीत होती. केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस १९५४ पासून चालू होती. ज्यांनी उमेदीची वर्षं सीमेवर घालवली, त्यांच्यासाठी निवृत्तीनंतर तशी योजना नव्हती. लष्करी रुग्णालयाचं दार उघडं असे, पण तिथे पहिला हक्क सेवेतल्या जवानाचा, आणि उरलेल्या खाटा छावणीच्या गावी. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) या जिल्ह्यांतून पिढ्यान् पिढ्या माणसं फौजेत गेली; साताऱ्यातल्या अपशिंग्याच्या नावालाच मिलिटरी जोडलेलं आहे, शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला लोक सैनिक टाकळी म्हणतात. पण निवृत्त होऊन माणूस जिथे राहतो, तिथे एमएच, म्हणजे लष्करी रुग्णालय, असेलच असं नाही. पुण्याला कमांड हॉस्पिटल आणि खडकीचं एमएच, मुंबईला नौदलाचं अश्विनी, चंदगड-गडहिंग्लजकडच्यांना जवळचं बेळगाव. बाकीच्यांनी प्रवास करायचा. १ एप्रिल २००३ ला ईसीएचएस सुरू झाली ती यावरचा उपाय म्हणून: गावाजवळ पॉलिक्लिनिक, आणि तिथे जे होणार नाही त्यासाठी करार केलेली खासगी रुग्णालयं, कॅशलेस. सुरुवातीला २२७ पॉलिक्लिनिकं मंजूर झाली होती, आज ती सव्वाचारशेच्या वर आहेत. पॅनेलवरची रुग्णालयं तीन हजारांच्या आसपास, आणि लाभार्थी, कुटुंबीय धरून, साठ लाखांच्या घरात. त्यासाठी सदस्याकडून एकरकमी वर्गणी घेतली जाते. सध्याच्या दराने शिपाई ते हवालदार ३०,००० रुपये, जेसीओ ६७,०००, अधिकारी १,२०,०००. म्हणजे हा सरकारचा उपकार नाही. पैसे आधी भरलेले आहेत, सेवा त्याहून आधी दिलेली आहे.

आता रेफरलचा प्रवास जरा जवळून पाहू. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचंच घ्या, कारण पाठीवर वजन घेऊन डोंगर चढलेल्या पायांचं दुखणं साठीत वर येतंच. सदस्य तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या पॉलिक्लिनिकला जातो. कार्ड लावायचं, नोंद करायची, मेडिकल ऑफिसरची वाट पाहायची. मेडिकल ऑफिसर कंत्राटी, ठरावीक मानधनावर. जागा रिकामी असेल तर एकावर दोघांचा भार. तपासण्या पॉलिक्लिनिकमध्ये होत नसतील, तर त्यांच्यासाठी वेगळं रेफरल. मग तज्ज्ञाचं मत. जवळ लष्करी रुग्णालय असेल तर आधी तिथे सोय आहे का ते पाहायचं, नसेल तरच बाहेर. शेवटी पॅनेलमधलं एक रुग्णालय निवडून ऑनलाइन रेफरल निघतं. इथवरचे टप्पे निदान पावलापावलाला संगणकात उमटतात. पुढचा टप्पा उमटत नाही. खासगी रुग्णालयात ईसीएचएसचं वेगळं टेबल असतं, आणि त्या टेबलावर सहसा कुणी ‘नाही’ म्हणत नाही. करारात रुग्णाला नाकारण्याची मुभा नाही, हे टेबलामागच्या माणसाला पाठ असतं. म्हणून तो म्हणतो, ‘जनरल वॉर्डला बेड नाही, पुढच्या आठवड्यात फोन करा.’ शिपाई ते हवालदार या श्रेणीची पात्रता जनरल वॉर्डचीच आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टर रजेवर असतात, त्यापुढच्या आठवड्यात इम्प्लांट यायचं असतं. ही टाळाटाळ नकार म्हणून कुठेच नोंदली जात नाही, त्यामुळे कागदावर ती घडलेलीच नसते. गावी एकटी राहणारी, नवऱ्याच्या माघारी कार्ड सांभाळणारी वीरनारी असेल, तर अशा तिसऱ्या फोननंतर ती बहुधा फोन करायचंच सोडते.

रुग्णालय असं का वागतं, हे समजून घेतल्याशिवाय त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. ईसीएचएस सीजीएचएसच्या दरांनी पैसे देते. हे दर २०१४ मध्ये ठरले, आणि त्यांची सर्वंकष फेररचना व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. मध्ये, एप्रिल २०२३ मध्ये, काही निवडक दर वाढले. बाह्यरुग्ण तपासणीची फी तोवर १५० रुपये होती, ती ३५० झाली. जनरल वॉर्डचं दिवसाचं भाडं १,००० वरून १,५०० झालं. पुण्यामुंबईत एखाद्या तज्ज्ञाकडे १५० रुपयांत काय मिळत होतं, हे वाचकांना सांगायला नको. तरीही रुग्णालयं पॅनेलवर राहिली, कारण रुग्णांची संख्या मोठी आणि सरकारचा पैसा बुडत नाही हा विश्वास. बुडत नाही हे खरं, पण अडकतो. संरक्षण मंत्रालयाच्या अर्थसंकल्पातच त्याचं कारण दिसतं. २०२३-२४ साठी ईसीएचएसला सुरुवातीला सुमारे ५,४३१ कोटी रुपये ठेवले होते; सुधारित अंदाजात ही रक्कम सत्तर टक्क्यांनी वाढवावी लागली. पुढच्या वर्षी ६,९६८ कोटी ठेवले आणि २८ टक्के वाढ दिल्याचं अभिमानाने सांगितलं गेलं. २०२५-२६ ची तरतूद ८,३१७ कोटींची होती. गणित मांडून पाहा. २०२३-२४ चा सुधारित आकडा नऊ हजार कोटींच्या वर जातो. म्हणजे दोन वर्षांनंतरची ‘वाढीव’ तरतूदही त्याच्या खालीच होती. त्या वर्षीच्या रकमेत मागची थकबाकीही असणार, हे मान्य. पण थकबाकी साचते तीच मुळी आधीच्या वर्षी कमी ठेवल्यामुळे. वर्षअखेरीकडे पैसा आटतो, बिलं पडून राहतात, आणि कुठल्या ना कुठल्या शहरात रुग्णालयांनी कॅशलेस सेवा थांबवल्याची बातमी येते. बातमी येत नाही तेव्हा जनरल वॉर्डला बेड नसतो.

यावर लेखापरीक्षणाच्या बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. खासगी रुग्णालयांना मोकळं सोडलं, तर ती सरकारला लुबाडतील. म्हणून रेफरल, मंजुरी, छाननी, प्रत्येक बिलावर शंका. कॅगने २०१५ च्या आपल्या अहवालात ईसीएचएसची कामगिरी तपासली, तेव्हा जादा आकारणी आणि बिलांतले घोळ खरोखरच सापडले होते. गरज नसलेल्या तपासण्या, गरज नसलेलं आयसीयू हा काही माजी सैनिकांपुरता अनुभव नाही; कुठल्याही विमाधारकाला विचारा. तेव्हा छाननी हवीच. पण त्याच अहवालात डॉक्टरांची आणि औषधांची कमतरताही होती, बिलं रखडण्यावरही बोट होतं. त्यातल्या पैशाच्या गळतीवर जेवढे उपाय झाले, तेवढे विलंबावर झाले नाहीत. दुसरं असं, की छाननीचा बहुतेक भाग उपचारानंतर करता येतो. बिल खोटं असेल तर ते महिन्याने पकडलं तरी पैसा कापून घेता येतो; चुकलेला महिना हृदयाच्या झडपेला परत मिळत नाही. ज्येष्ठ वयाच्या सदस्यांना पॉलिक्लिनिकच्या रेफरलशिवाय थेट पॅनेलच्या तज्ज्ञाकडे जायची सवलत योजनेनेच दिली आहे. म्हणजे रेफरल ही अपरिहार्य भिंत नाही, हे व्यवस्थेलाही ठाऊक आहे.

न्यायालयांनी या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. १९९८ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध राम लुभाया बग्गा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की कुठल्याच सरकारकडे अमर्याद पैसा नसतो, त्यामुळे प्रतिपूर्तीचे दर ठरवण्याचा अधिकार सरकारला आहे. वीस वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये, शिवकांत झा या निवृत्त अधिकाऱ्याच्या सीजीएचएसच्या दाव्यात त्याच न्यायालयाने बजावलं, की रुग्णालय यादीत नाही एवढ्याच कारणाने दावा नाकारता येणार नाही; उपचार खरोखर झाले का आणि गरजेचे होते का, हे पाहायला हवं. निवृत्तांची दाव्यांसाठी होणारी पायपीट न्यायालयाला खटकली, आणि असे दावे महिन्याभरात निकाली काढण्याची व्यवस्था करायला त्याने सांगितलं. निकाल स्वागतार्हच होता. पण त्यातली मुदतही उपचारानंतरच्या पैशाचीच आहे. खर्च करण्याची ऐपत ज्याची होती, त्याला न्याय मिळाला; ज्याच्याकडे आगाऊ भरायला चार लाख नव्हते, आणि म्हणून जो वाट पाहत राहिला, तो न्यायालयात पोहोचतच नाही. त्याच्याकडे दाखवायला बिल नसतं.

मुदत लावली तर काय होतं, हे पाहायला अमेरिकेकडे वळावं लागतं, कारण हा प्रयोग तिथे मोठ्या प्रमाणावर झाला आहे, आणि बराचसा फसलाही आहे. तिथल्या माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतःची रुग्णालयांची साखळी आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या सरकारी रुग्णालयात खऱ्या प्रतीक्षायाद्या लपवून ठेवल्याचं उघड झालं. अपॉइंटमेंट चौदा दिवसांत द्यायची असं उद्दिष्ट होतं, वरिष्ठांचे बोनस त्याच्याशी जोडलेले होते. म्हणून आकडे रंगवले गेले. मे महिना संपायच्या आत माजी सैनिक खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकी काँग्रेसने ‘चॉइस’ कायदा केला: तीस दिवसांत अपॉइंटमेंट मिळत नसेल, किंवा सरकारी केंद्र चाळीस मैलांहून दूर असेल, तर सरकारी खर्चाने खासगी डॉक्टरकडे जा. आपल्या ईसीएचएसचीच कल्पना, पण तिला मोजपट्टी लावलेली. अंमलबजावणी इतकी घाईने झाली की सुरुवातीला चाळीस मैल नकाशावर सरळ रेषेत मोजले जात. मध्ये डोंगर असो की खाडी. पुढच्या वर्षी रस्त्याचं अंतर धरायला सुरुवात झाली. आपल्या कोकणातल्या माणसाला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

पण दार उघडलं म्हणून वेळ वाचला का? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये हिशोब मांडला, तेव्हा चॉइसच्या प्रक्रियेतले सगळे टप्पे धरले तर साध्या उपचारासाठीही सत्तर दिवसांपर्यंत थांबावं लागू शकतं, असं दिसलं. तीस दिवसांची प्रतीक्षा टाळायला काढलेली वाट सत्तर दिवसांची! वेळ डॉक्टरच्या दारात जात नव्हता. तो सरकारी दवाखान्याने शिफारस तयार करण्यात, कागदपत्रं मध्यस्थ कंपनीकडे जाण्यात, कंपनीने रुग्णाला गाठण्यात आणि मग डॉक्टर शोधण्यात जात होता. डॉक्टरांचे पैसे थकले, काहींनी रुग्ण घेणं बंद केलं, काही बिलं थेट माजी सैनिकांच्या घरी गेली आणि त्यांची पत बिघडली. हे वाचताना आपल्याकडच्या कुणाला परकं वाटणार नाही. २०१८ च्या ‘मिशन’ कायद्याने चॉइसची जागा घेतली. जून २०१९ पासून प्राथमिक आणि मानसोपचारासाठी वीस दिवस किंवा गाडीने सरासरी अर्धा तास, तज्ज्ञांसाठी अठ्ठावीस दिवस किंवा एक तास, असे निकष आले. त्याच वर्षी ‘जामा’ या वैद्यकीय प्रकाशनसमूहातल्या एका नियतकालिकात पंधरा महानगरांतल्या चार वैद्यकीय विभागांची तुलना प्रसिद्ध झाली. २०१४ मध्ये सरकारी आणि खासगी प्रतीक्षेत फारसा फरक नव्हता, आणि २०१७ पर्यंत सरकारी प्रतीक्षा सरासरी अठरा दिवसांच्या खाली आली होती, तर खासगी तीस दिवसांच्या जवळ गेली होती. बाहेर म्हणजे लवकर, हे गृहीतकच डळमळलं.

फिनिक्सचा दाखला माझ्याच मांडणीवर उलटवता येईल. मुदत लावली म्हणून तर आकडे खोटे झाले, मग इथे मुदत लावून काय साधणार? आपल्याकडे उद्दिष्ट दिलं की त्याचा कागद तयार करण्यात आपण वाकबगार आहोत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण फिनिक्समध्ये आकडा भरणारा आणि त्या आकड्यावर बक्षीस घेणारा एकच होता, गफलत तिथे झाली. आणि चौदा दिवसांचं वचन होतं म्हणूनच ते मोडल्याचं सिद्ध करता आलं. एका निवृत्त डॉक्टरने आवाज उठवला, तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवायला काहीतरी होतं. चॉइस फसली हेही मोजमापानेच कळलं. कायदा बदलला तो सत्तर दिवसांसारखे आकडे समोर आले म्हणून. ईसीएचएसमध्ये आज एखाद्या पॉलिक्लिनिकने खोटं बोलायचं ठरवलं, तरी खोटं कशाबद्दल बोलणार, असा प्रश्न आहे. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती वारंवार या योजनेची चौकशी करते. मंत्रालय तिला पॉलिक्लिनिकं किती, सदस्य किती, पॅनेलवर रुग्णालयं किती, खर्च किती, हे सांगतं. कोल्हापूरच्या सदस्याला बायपाससाठी सरासरी किती दिवस थांबावं लागलं, हा तक्ता सार्वजनिक होत नाही.

लष्करी रुग्णालयं वाढवली की प्रश्न सुटेल, असं मानणारे पुष्कळ आहेत, विशेषतः जुने फौजी. एमएचवर त्यांचा जसा विश्वास, तसा खासगीवर कधीच बसला नाही, आणि त्यामागे कारण आहे: तिथे डॉक्टरला तुमच्या बिलात रस नसतो. अमेरिकेचे आकडेही सरकारी व्यवस्था सुधारण्याच्या बाजूनेच बोलतात. तरीही शिराळा, आजरा किंवा दापोलीतल्या माणसासाठी उद्या एमएच उभं राहणार नाही, आणि राहिलंच तर त्याचं पहिलं काम सेवेतल्या जवानांचं असेल. उलट टोकाला, योजनाच गुंडाळून सगळ्यांना विमा काढून द्या, अशी सूचना अधूनमधून येते. विमा कंपनी टाळाटाळ जास्त सफाईने करते, एवढंच. आणि सामान्य माणसाला एवढंही मिळत नाही, मग माजी सैनिकांचे लाड कशाला, असं जे म्हणतात, त्यांनी वर्गणीचा आणि शिपायाच्या निवृत्तीच्या वयाचा विचार करावा. चाळिशीच्या आतबाहेर गणवेश उतरवणाऱ्याला पुढची पस्तीस वर्षं या कार्डावरच काढायची असतात. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना तर ते कार्डही नाही; पण तो वाद स्वतंत्र आहे, आणि त्याच्याआड हा लपवला जाऊ नये.

मोजमाप सुरू करायला नवा कायदा लागत नाही, मोठा पैसाही लागत नाही. रेफरल ऑनलाइन निघतं, त्यावर तारीख असते. रुग्ण दाखल झाल्याची तारीख बिलात असते, आणि बिलं २०१२ पासून ऑनलाइन तपासली जातात. या दोन तारखांमधलं अंतर रुग्णालयनिहाय आणि आजारनिहाय काढणं हे एका साध्या तक्त्याचं काम आहे. रेफरल निघालं पण दाखल झाल्याची नोंद कधी आलीच नाही, अशी प्रकरणं वेगळी काढली, तर फोन करायचं सोडून दिलेली माणसंही दिसतील. ती संख्या सर्वांत बोलकी ठरावी. आकडे पॉलिक्लिनिकने भरायचे नाहीत, रेफरल आणि बिलाच्या नोंदींतून ते आपोआप निघायला हवेत, म्हणजे फिनिक्सची पुनरावृत्ती अवघड होईल. तारखा निघाल्या की पुढच्या गोष्टींना आधार मिळतो: ठरावीक दिवसांत दाखल न करणाऱ्या रुग्णालयाला कारण लेखी द्यायला लावणं, आणि तेवढ्यातही झालं नाही तर सदस्याला पॅनेलबाहेर त्याच दरांनी जाण्याची आपोआप परवानगी देणं. अर्थ मंत्रालयाला हे रुचेलच असं नाही, कारण प्रतीक्षेचा आकडा छापला की अपुऱ्या तरतुदीचा आकडाही त्याच पानावर येतो. सुरुवात अख्ख्या देशात करायचीही गरज नाही. पुणे विभागीय केंद्राच्या अखत्यारीतल्या पॉलिक्लिनिकांचे तीन महिन्यांचे आकडे प्रत्येक पॉलिक्लिनिकच्या फलकावर लावले, तरी रुग्णालय निवडताना कुठे बारा दिवस लागतात आणि कुठे पन्नास, हे सदस्याला रेफरल काढायच्या आधीच कळेल.